फौजांच्या वाटेने ल्हासापर्यंत

दिवस पहिला : काठमांडू ते स्याब्रुबेसी

2019 च्या सप्टेंबरात, पावसाळा ओसरू लागला असताना, आम्ही काही जण काठमांडूहून रस्त्याने ल्हासाला निघालो. विमानाने हा प्रवास दीड-दोन तासांत होतो. परंतु मला जी वाट पाहायची होती ती जमिनीवरूनच दिसणारी होती. अठराव्या शतकाच्या अखेरीस गोरखा फौजा केरुंग आणि कुती या दोन घाटवाटांनी तिबेटात चढल्या, त्यांचा पाठलाग करीत 1792 मध्ये चीनवर राज्य करणाऱ्या मांचू घराण्याच्या सम्राटाची सेना केरुंगच्याच वाटेने नेपाळात उतरली, आणि त्या मोहिमेनंतर ल्हासामध्ये जे नियम लिहिले गेले त्यांची सावली तिबेटवर आजतागायत आहे. त्या वाटेचा उलटा प्रवास करावा, सरहद्दीवरच्या भांडणापासून राजधानीतल्या शिलालेखापर्यंत जावे, असा माझा हेतू होता.

त्रिशूली बाजार मागे टाकल्यावर बेत्रावतीला आम्ही गाडी थांबवली. डावीकडून खळाळत येणारी त्रिशूली, तिला मिळणारी बेत्रावती, भाताची हिरवी खाचरे आणि मागे नुवाकोटचा डोंगर. मांचू सेनापती फुकांगआन इथपर्यंत पोहोचला होता. काठमांडूचे खोरे त्याच्यापासून फार दूर नव्हते. भर पावसाळ्यात त्याने नदी ओलांडून चढावर हल्ला केला, गोरख्यांनी वरून प्रतिहल्ला करून त्याची मोठी हानी केली, आणि मग दोन्ही बाजूंनी तहाची बोलणी पुढे रेटली. मांचू सैन्य आपल्या रसदीपासून हजारो किलोमीटर दूर होते आणि हिमालयातला हिवाळा तोंडावर आला होता. नेपाळच्या दरबाराला राजधानी हातची जाण्याची भीती होती. तहात नेपाळने तिबेटातून आणलेली लूट परत करण्याचे आणि दर पाच वर्षांनी पेकिंगला नजराणा घेऊन शिष्टमंडळ पाठवण्याचे मान्य केले. ही शिष्टमंडळे पुढे विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत जात राहिली.

या सगळ्याचे मूळ नाण्यात होते, हे नदीकाठी उभे राहून आठवणे मला महत्त्वाचे वाटले. काठमांडूच्या खोऱ्यातले मल्ल राजे तिबेटसाठी चांदीची नाणी पाडीत असत. तिबेटातून चांदी यायची, नाणी परत जायची आणि मधला नफा खोऱ्यात राहायचा. हळूहळू त्या नाण्यांत तांबे वाढत गेले. 1768-69 मध्ये पृथ्वीनारायण शाह यांनी खोरे जिंकल्यावर नव्या राज्यकर्त्यांनी शुद्ध चांदीचे नाणे काढले आणि जुन्या हिणकस नाण्याचा भाव उतरवावा अशी मागणी केली. तिबेटातल्या व्यापाऱ्यांच्या आणि मठांच्या पेट्या त्याच जुन्या नाण्यांनी भरलेल्या असल्याने ल्हासाला ते परवडणारे नव्हते. त्यात तिबेटी मिठात माती मिसळलेली असते, ही नेपाळची तक्रार भर घालीत होती. नाणे आणि मीठ यांवरून सुरू झालेले हे भांडण दोन्ही शेजाऱ्यांना आपसांत मिटवता आले असते, असे मला आजही वाटते.

धुंचेच्या पुढे रस्ता दरडींनी जागोजागी खचला होता. स्याब्रुबेसीला पोहोचेपर्यंत अंधार पडला.

दिवस दुसरा : रसुवागढी ओलांडून केरुंग

सकाळी भोटेकोशीच्या अरुंद घळीतून रसुवागढीला आलो. नदीच्या वरच्या अंगाला दगडी गढीच्या पडक्या भिंती आहेत. ही गढी नंतरच्या युद्धाची, 1855 ची. जंगबहादुर राणा यांच्या त्या मोहिमेचा शेवट 1856 च्या मार्चमध्ये थापाथलीच्या तहाने झाला. तिबेटने नेपाळला दरसाल दहा हजार रुपये द्यावेत, नेपाळचा वकील ल्हासात राहावा आणि नेपाळी व्यापाऱ्यांना जकात माफ असावी, असे त्यात ठरले. मांचू साम्राज्य त्या वेळी चीनमधल्याच ताइपिंग बंडात गुंतलेले होते. साठ-पासष्ट वर्षांपूर्वी ज्या सम्राटाने तिबेटच्या रक्षणासाठी एवढी सेना धाडली, त्याच्या वारसांना या वेळी एक तुकडीही पाठवता आली नाही. तरीही तहाच्या मजकुरात दोन्ही पक्षांनी चीनच्या सम्राटाविषयीचा आदर नोंदवला. रक्षण करण्याची ताकद संपली तरी मानाचा हक्क कागदावर टिकून राहिला, आणि पुढे 1904 पर्यंत ब्रिटिश, मांचू आणि तिबेटी यांच्यातला सगळा घोळ याच कागदी मानाभोवती फिरत राहिला.

सरहद्दीचा मैत्री पूल आम्ही पायी ओलांडला. (हाच पूल जुलै 2025 च्या पुरात वाहून गेला.) पलीकडे सामानाची बारकाईने तपासणी होते. तिबेटविषयीची पुस्तके आणि दलाई लामांची छायाचित्रे बरोबर नेता येत नाहीत, म्हणून मी सनावळ्या आणि टिपणे वहीत हाताने उतरवून घेतली होती. इथून पुढे सरकारमान्य वाटाड्या सतत बरोबर असतो. आमचा वाटाड्या शांत, अभ्यासू तिबेटी तरुण होता. त्याला अडचणीत टाकणारा एकही प्रश्न विचारायचा नाही, हे आम्ही आपसांत आधीच ठरवले होते.

केरुंग सुमारे 2,800 मीटर उंचीवर आहे. देवदार-पाइनची दाट रानेही आहेत. तिबेट म्हणताच डोळ्यांसमोर उभे राहणारे वैराण पठार इथे अजून सुरू झालेले नाही.

दिवस तिसरा : केरुंग

उंचीची सवय व्हावी म्हणून मुक्काम. बाजारातून फेरफटका मारला, थुक्पा खाल्ला आणि दुपारभर वही उघडून बसलो.

1789 चा तह याच गावी झाला. पहिल्या स्वारीत गोरख्यांनी केरुंग, कुती आणि जोंगका घेतले होते, ते थेट शेकरपर्यंत गेले होते. हे प्रदेश परत देण्याच्या मोबदल्यात तिबेटने दरवर्षी चांदीच्या तीनशे लगडी द्याव्यात असे ठरले. सम्राटाने पाठवलेल्या अधिकाऱ्याने, बाझोंगने, या खंडणीचा पत्ता पेकिंगला लागू दिला नाही; शत्रू शरण आला, असे त्याने कळवले. पहिल्या वर्षाची रक्कम दिली गेली, नंतर तिबेटने नकार दिला. 1791 मध्ये वाटाघाटीसाठी कुतीला आलेल्या तिबेटी मंत्र्यांना गोरख्यांनी पकडून काठमांडूला नेले. त्यांच्यातले दोरिंग तेन्जिन पेल्जोर यांनी पुढे स्वतःच्या घराण्याचा आणि कैदेचा वृत्तान्त लिहून ठेवला. या युद्धाविषयी बोलताना सेनापतींची खलिते आणि सम्राटाची फर्माने यांचाच आधार घेतला जातो. पकडल्या गेलेल्या तिबेटी मंत्र्याचे म्हणणे आपल्यापर्यंत पोहोचते, हे मला फार मोलाचे वाटते.

आणि दहावे शामार्पा, तिबेटातल्या एका पंथाचे थोर लामा. ते सहाव्या पंचेन लामांचे, म्हणजे दलाई लामांखालोखाल मान असलेल्या लामांचे, बंधू. 1780 मध्ये पंचेन लामा मांचू सम्राट चिएनलुंगच्या सत्तराव्या वाढदिवसानिमित्त पेकिंगला गेले असता तिथेच देवीच्या रोगाने वारले. सम्राटाने आणि मंगोल सरदारांनी दिलेल्या अपार भेटवस्तू शिगात्सेला परत आल्या आणि त्या दुसऱ्या भावाच्या ताब्यात राहिल्या. नाराज शामार्पा नेपाळला गेले. गोरख्यांना शिगात्सेच्या मठातल्या संपत्तीची लालूच त्यांनीच दाखवली, असा आरोप त्यांच्यावर कायमचा बसला. 1792 मध्ये त्यांचा नेपाळात मृत्यू झाला. तहानुसार त्यांचे अवशेष मांचू सेनापतीच्या हवाली करण्यात आले, त्यांचा मठ जप्त झाला आणि त्यांच्या पुनर्जन्माचा शोध घेण्यासच बंदी घालण्यात आली. एखाद्या लामाने पुन्हा जन्म घ्यावा की नाही, हे साम्राज्याने हुकमाने ठरवावे, ही गोष्ट मी त्या दुपारी वहीत अधोरेखित केली. पुढे शिगात्से आणि ल्हासा इथे तिची गाठ पुन्हा पडणार होती.

दिवस चौथा : जोंगका, पैकु त्सो, शेकर

केरुंगहून रस्ता अक्षरशः भिंत चढल्यासारखा चढतो. रान संपते, झुडपे संपतात आणि चार हजार मीटरच्या वर जोंगका लागते. गुंगथांग राजांच्या या जुन्या ठाण्याच्या मातीच्या तटाचे जाड तुकडे आजही उभे आहेत. 1792 च्या उन्हाळ्यात फुकांगआनने आधी हे ठाणे परत घेतले आणि मग केरुंग. जवळच्या एका कड्यावर 1990 मध्ये सातव्या शतकातला चिनी शिलालेख सापडला. चीनच्या तांग दरबाराचा भारताकडे जाणारा वकील वांग श्वेनत्से याने 658 मध्ये तो कोरवला. त्याच वांगवर 648 च्या सुमारास भारतात हल्ला झाला, तेव्हा तो तिबेट आणि नेपाळकडून सैन्य उसने घेऊन परतला होता. त्या काळी तिबेट इतरांना फौज पुरवणारे राज्य होते, एवढे इथे लक्षात ठेवावे.

पैकु त्सोच्या निळ्या पाण्यापलीकडे शिशापांग्माचा डोंगर अर्धा तास मोकळा दिसला. त्यानंतर ढग.

तिंग्रीच्या मैदानात ठिकठिकाणी मातीच्या भिंतींचे अवशेष दिसतात. गावाच्या टेकडीवरचा किल्ला आणि या भिंती गोरख्यांच्या स्वारीत पडल्या, असे इथे सांगतात. युद्धानंतर तिबेटसाठी तीन हजारांची कायम फौज उभारण्यात आली : ल्हासा आणि शिगात्से येथे प्रत्येकी एक हजार, ग्यान्त्से येथे पाचशे आणि या तिंग्रीला पाचशे. मांचू अंबानांनी, म्हणजे सम्राटाच्या ल्हासातल्या प्रतिनिधींनी, ठरावीक काळाने या सरहद्दीची पाहणी करावी असाही नियम झाला.

फौजा, अंबान आणि त्यांचे हे दौरे कोणाच्या खांद्यावरून जात होते, हे या वाटेवर विसरता येत नाही. तिबेटात 'उला' नावाची वेठ होती. सरकारी परवाना घेऊन येणाऱ्याला प्रत्येक गावाने पुढच्या टप्प्यापर्यंत घोडी, याक, हमाल, सरपण आणि मुक्कामाची सोय पुरवायची, तीही विनामोबदला किंवा नाममात्र पैशात. फुकांगआनची सेना शिनिंगहून कडाक्याच्या थंडीत पठार ओलांडून आली. तिचे धान्य आणि दारूगोळा वाहणारी जनावरे पठारावरच्या लोकांची होती. गोरखा लूट करून गेले आणि सुटका करायला आलेल्यांनी जनावरे ओढून नेली. शेकरच्या पडक्या किल्ल्याखालच्या वस्तीत संध्याकाळी याक घरी परतत होते, तेव्हा एका कुटुंबाची दोन-चार जनावरे वेठीला जाऊन मेली तर त्या घराने पुढचा हिवाळा कसा काढला असेल, हा विचार माझ्या मनातून जाईना.

दिवस पाचवा : साक्या

ग्यात्सो ला ही पाच हजार दोनशे मीटरहून उंच खिंड ओलांडून, मुख्य रस्ता सोडून आम्ही साक्याला वळलो. करड्या भिंतींवर तांबडे-पांढरे पट्टे ओढलेली घरे आणि मधोमध किल्ल्यासारखा चौकोनी मठ. दक्षिणेकडचा हा मठ 1268 चा, म्हणजे तिबेटवरच्या मंगोल सत्तेच्या ऐन भराचा आहे.

ज्याला परकीय लष्करी सत्तेचा आरंभ म्हणता येईल ती घटना 1240 ची. मंगोल राजपुत्र कोदान याने दोर्दा नावाच्या सरदाराला तिबेटात धाडले. त्याने रेतिंग आणि ग्याल ल्हाखांग या मठांवर हल्ला केला, भिक्षू मारले आणि परत जाऊन कोणाशी बोलणी करावीत याचा अहवाल दिला. 1244 मध्ये साक्या पंडितांना बोलावणे आले. साठी उलटलेले हे विद्वान आपल्या दोन लहान पुतण्यांना घेऊन निघाले आणि 1247 मध्ये लियांगझोऊला कोदानला भेटले. तिथून त्यांनी तिबेटच्या सरदारांना पत्र पाठवून मंगोलांपुढे नमते घेण्याचा सल्ला दिला. त्याबद्दल त्यांना दोष देणारे आहेत. परंतु मध्य आशियातल्या शहरांचे काय झाले हे जाणणाऱ्या माणसाने दुसरा कोणता सल्ला द्यायला हवा होता, हे त्यांच्यापैकी कोणी सांगत नाही. पुतण्या फाग्पा पुढे कुबलाई खानाचे गुरू झाले. खानाने धर्माला मान दिला आणि साक्या मठाला तिबेटचा कारभार. गुरू-यजमान नात्याची ही मांडणी तिबेटी लोकांनी पुढची सहाशे वर्षे प्रत्येक सम्राटाशी बोलताना वापरली.

मात्र त्या नात्याच्या खाली लष्करी पाया पक्का होता. 1268 मध्ये शिरगणती झाली, प्रदेशाचे दहा-दहा हजार कुटुंबांच्या हिशेबाने भाग पाडले गेले, टपालाच्या चौक्या उभ्या राहिल्या आणि त्यांना घोडी व माणसे पुरवणे गावांवर बंधनकारक झाले. कालची वेठ इथून सुरू होते. 1290 मध्ये द्रिकुंग मठाने बंड केले, तेव्हा साक्याच्या बाजूने मंगोल फौज आली आणि द्रिकुंग जाळण्यात आले. तिबेटी मठाविरुद्ध तिबेटी मठाने परकीय फौज बोलावल्याचा हा प्रसंग या विशाल सभामंडपात, झाडाच्या अखंड खोडांच्या खांबांमध्ये उभे राहून आठवणे जड गेले. ग्रंथांची भिंत पाहिली. हजारो पोथ्या जमिनीपासून छतापर्यंत रचलेल्या आहेत. एवढे ज्ञान सांभाळणाऱ्या मठाचेच नाव त्या आगीशी जोडलेले आहे.

दिवस सहावा : शिगात्से

शिगात्सेचे ताशी ल्हुन्पो, म्हणजे पंचेन लामांचे पीठ, सोनेरी छपरांचे, टेकडीला पाठ लावून पसरलेले आहे. 1791 च्या शरद ऋतूत गोरखा फौज इथे पोहोचली तेव्हा सातवे पंचेन लामा नऊ-दहा वर्षांचे होते. त्यांना घाईने ल्हासाला हलवण्यात आले. मठाचा बचाव करावा की नाही यासाठी देवीपुढे कौल लावण्यात आला आणि लढू नये असा कौल मिळाल्याचे जाहीर झाले. मग मठ रिकामा झाला आणि गोरख्यांनी तो लुटला. कौल लावणाऱ्या लामाला सम्राटाने नंतर देहदंड दिला.

याच दोन गोष्टींचा, कौलाचा आणि भावाभावांतल्या मालमत्तेच्या वादाचा, चिएनलुंगने पुरेपूर उपयोग केला. महत्त्वाचे लामा एकाच घराण्यात जन्म घेतात, कौल देणारे पैसे घेऊन नाव सांगतात, असे म्हणून त्याने सोन्याचा कलश पाठवला. उमेदवार बालकांची नावे चिठ्ठ्यांवर लिहून कलशात टाकावीत आणि अंबानाच्या देखत चिठ्ठी काढावी. 1793 च्या एकोणतीस कलमी नियमावलीतले हे पहिले कलम. लामांच्या निवडीत गैरप्रकार होत असतील हे मी नाकारीत नाही. परंतु उपाय म्हणून जी रीत आली तिच्या मुळाशी एक विजयी सेना होती. नोव्हेंबर 1995 मध्ये चीन सरकारने पंचेन लामांच्या निवडीसाठी ल्हासात हाच कलश बाहेर काढला. दलाई लामांनी त्याच वर्षी मे महिन्यात ज्या सहा वर्षांच्या मुलाला मान्यता दिली होती, तो त्यानंतर जाहीरपणे कोणालाही दिसलेला नाही. मी मठाच्या अंगणात हे कोणाशीच बोललो नाही.

दिवस सातवा : ग्यान्त्से

शिगात्सेहून ग्यान्त्से नव्वद किलोमीटर. न्यांग नदीच्या खोऱ्यात जवाची कापणी चालू होती. दूरवरूनच खडकावरचा किल्ला दिसू लागतो.

या गावी मी सर्वांत अधिक वेळ घालवला, कारण इथे आलेली फौज आपल्या देशातून आली होती. 1890 मध्ये ब्रिटिश आणि मांचू सरकारांनी सिक्कीम-तिबेट सीमा आपसांत ठरवली. तिबेटींना कोणी विचारलेच नव्हते, म्हणून त्यांनी ती मानली नाही आणि सीमेचे खांब पाडले. लॉर्ड कर्झनने तेराव्या दलाई लामांना पाठवलेली पत्रे न उघडता परत आली. रशियाच्या हालचालींची भीती त्यात मिसळली आणि डिसेंबर 1903 मध्ये यंगहजबंड आणि जनरल मॅकडोनाल्ड यांची ब्रिटिश मोहीम जेलेप ला ओलांडून चुंबी खोऱ्यात उतरली.

31 मार्च 1904 रोजी गुरू गावाजवळ दगडांच्या आडभिंतीमागे बसलेल्या तिबेटी सैनिकांना घेरून त्यांची शस्त्रे काढून घेण्याचा प्रयत्न झाला. झटापट झाली, गोळी सुटली आणि मॅक्सिम तोफांनी काही मिनिटांत सहाशेहून अधिक तिबेटी मारले. त्यांच्याकडे तोड्याच्या बंदुका आणि तलवारी होत्या. तिबेटी सेनापती ल्हादिंग तिथेच पडला. वाचलेले सैनिक पळाले नाहीत, मान खाली घालून चालत निघून गेले, असे स्वतः मोहिमेतल्या लोकांनी लिहून ठेवले आहे. त्या चालण्यात काय होते, याचा अर्थ मी लावू शकत नाही. पण या मोहिमेतले हेच दृश्य मला सर्वाधिक छळते.

11 एप्रिलला फौज ग्यान्त्सेला आली. मे महिन्यात तिबेटींनी किल्ला पुन्हा ताब्यात घेतला, ब्रिटिश तळावर रात्री हल्ला केला आणि जवळजवळ दोन महिने त्याला वेढून धरले. 6 जुलै रोजी तोफांनी तटाला भगदाड पाडले, आतला दारूसाठा उडाला, आणि लेफ्टनंट ग्रँट व हवालदार कर्बीर पुन हे दोघे आठव्या गोरखा पलटणीचे पुढारी त्या भगदाडातून आत शिरले. ग्रँटला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. गोरखा शिपायांना तो तेव्हा मिळत नसल्याने कर्बीर पुनला इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट देण्यात आला. किल्ल्याच्या पूर्वेकडच्या कड्यासमोर मी बराच वेळ उभा होतो. उतार इतका उभा आहे की, वरून दगड लोटणाऱ्या माणसाला बंदुकीची गरजच भासू नये. चढणारा धाडसी होता आणि राखणारा हक्काच्या जागी उभा होता, हे दोन्ही एकाच वेळी खरे आहे.

किल्ल्यातल्या प्रदर्शनात आणि गावातल्या स्मारकात ब्रिटिशांविरुद्धच्या प्रतिकाराची कथा आहे, आणि ती तितकी योग्यच आहे. तिच्यात नसलेली एक बाब आपण भारतीयांनी जोडायला हवी : तेवीस आणि बत्तीस क्रमांकाच्या शीख पायोनियर्स, चाळिसावी पठाण पलटण, आठवी गोरखा हे सगळे हिंदुस्थानच्या पगारावरचे शिपाई होते आणि मोहिमेचा खर्च हिंदुस्थानच्या तिजोरीवर पडला. डिसेंबर 1904 मध्ये मुंबईला हेन्री कॉटन यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या काँग्रेसने देशाच्या सीमेबाहेरच्या या मोहिमेसाठी हिंदी महसूल वापरल्याबद्दल खेद व्यक्त करणारा ठराव केला. त्या ठरावाचा आपल्याला विसर पडावा, याचे मला वाईट वाटते.

संध्याकाळी कुंबुम हा इथला मोठा स्तूप पाहिला. पंधराव्या शतकातली त्यातली चित्रे या सगळ्या वादळातून वाचली.

दिवस आठवा : कारो ला, यामद्रोक, चाकसम

कारो लाच्या हिमनदीखाली, सुमारे पाच हजार मीटरवर, 6 मे 1904 रोजी लढाई झाली. ब्रिटिश लष्कराने इतक्या उंचीवर लढाई केल्याचे उदाहरण त्याआधी नव्हते. गाडीतून उतरून शंभर पावले चाललो तरी धाप लागली.

यामद्रोक सरोवराच्या काठाने काम्पा ला चढून पलीकडे त्सांगपोच्या, म्हणजे ब्रह्मपुत्रेच्या, खोऱ्यात उतरलो. चाकसमची जुनी होडीची जागा या खोऱ्यात आहे. जुलै 1904 मध्ये ब्रिटिश फौज इथूनच पार झाली. मोहिमेच्या रसदीचा प्रमुख मेजर ब्रेदरटन याच प्रवाहात बुडाला. फेब्रुवारी 1910 मध्ये सिचुआनहून दोन हजार मांचू सैनिक ल्हासात शिरले आणि तेरावे दलाई लामा भारताकडे निघाले, तेव्हा दासांग दादुल या त्यांच्या तरुण सेवकाने मूठभर माणसे घेऊन पाठलाग करणारी तुकडी याच चाकसमला रोखून धरली. सहा वर्षांपूर्वी ब्रिटिश येताहेत म्हणून दलाई लामा मंगोलियाला गेले होते. या वेळी मांचूंपासून वाचण्यासाठी ते ब्रिटिशांच्या दार्जिलिंगला गेले.

दिवस नववा : ल्हासा

दलाई लामांच्या पोताला राजवाड्याच्या पायथ्याशी, छपराखाली, दोन चिनी शिलालेख आहेत. एक 1720 च्या मोहिमेचा. 1717 मध्ये झुंगार मंगोलांनी ल्हासा घेतले, तिथे सत्तेवर असलेल्या ल्हाझांग खानाला मारले, मिंद्रोलिंग आणि दोर्जे द्राक हे मठ उद्ध्वस्त केले. त्यांना हुसकावण्यासाठी आलेल्या मांचू सेनेबरोबर बाल सातवे दलाई लामा होते, त्यामुळे ल्हासाने तिचे स्वागत केले. सुटका करणारी ती सेना शहराचा तट पाडून तिथेच ठाण मांडून बसली. दुसरा शिलालेख चिएनलुंगच्या दहा विजयांचा. त्यांतले दोन विजय गोरख्यांवरचे, म्हणजे बेत्रावतीच्या काठी ज्याचा शेवट मी पाहिला तेच युद्ध. त्यांच्यापासून थोड्याच अंतरावर झोलचा उंच सडपातळ स्तंभ आहे. तो एक हजार वर्षांनी जुना, आठव्या शतकातला. 763 मध्ये तिबेटी सैन्याने तांगांची राजधानी चांगआन घेतल्याचा उल्लेख त्यावर आहे. तिघांनाही पाहायला या शहरात एकच फेरी पुरते, पण वाटाड्यांच्या माहितीत तिघांना सारखी जागा मिळत नाही.

पोतालाच्या दरबारात 7 सप्टेंबर 1904 रोजी ल्हासाचा करार झाला. पंचाहत्तर लाख रुपये दंड, दरवर्षी एक लाखाप्रमाणे पंचाहत्तर हप्ते आणि तोवर चुंबी खोरे ब्रिटिशांकडे. लंडनने नंतर रक्कम पंचवीस लाखांवर आणली आणि ती पेकिंगने तीन हप्त्यांत भरून टाकली. दंड तिबेटचा, पैसे मांचूंचे : या एका व्यवहाराने तिबेट कोणाचे, या प्रश्नाचे उत्तर तिबेटला न विचारता दिले गेले.

दुपारी जोखांग मंदिराभोवतीच्या बारखोर या परिक्रमेच्या रस्त्याच्या उत्तर बाजूला अंबानांची जुनी कचेरी पाहिली. तिथे आता संग्रहालय आहे. 11 नोव्हेंबर 1750 रोजी फुचिंग आणि लाब्दोन या अंबानांनी तिबेटचा तरुण सत्ताधारी ग्युर्मे नामग्याल याला भेटीला बोलावून ठार केले. बातमी फुटताच जमाव उसळला आणि दोन्ही अंबानांसह शंभराहून अधिक माणसे मारली गेली. सम्राटाने अंबानांना हुतात्मे ठरवून त्यांचे स्मृतिमंदिर उभारले. पाहुणा म्हणून बोलावलेल्या माणसाचा खून त्या स्मृतीत कुठेच बसत नाही.

जोखांगसमोर देवीच्या रोगाविषयीचा 1794 चा शिलालेख आहे. लोकांनी औषधी म्हणून त्याचा दगड खरवडून खरवडून त्याला वाट्यांसारखे खड्डे पाडले आहेत. अंबानाची आज्ञा जवळपास पुसली गेली आहे. शेजारच्या नवव्या शतकातल्या तहस्तंभावर तिबेटी आणि चिनी दोन्ही भाषांत लिहिले आहे की, तिबेटी तिबेटच्या भूमीत आणि चिनी चीनच्या भूमीत सुखाने राहतील. 1793 ची कलमे आणि 1904 चा करार हे दोन्ही दस्तऐवज या स्तंभाच्या बाजूला ठेवून वाचले पाहिजेत : पहिल्याला अंबान आणि दलाई लामा एका पायरीवर आणायचे होते, दुसऱ्याला वसुली हवी होती, आणि दोन्हींची सुरुवात सरहद्दीवरच्या एखाद्या लहान कुरबुरीतून झाली होती.

दिवस दहावा : तेंग्येलिंग

शेवटच्या सकाळी जुन्या शहरातले तेंग्येलिंग शोधले. मोठ्या मठाचा लहानसा भाग उरला आहे आणि भोवती वस्ती वाढली आहे.

1911 मध्ये मांचू सत्ता कोसळली तेव्हा ल्हासातल्या शिबंदीला पगार मिळेना. शिपायांनी बंड केले, लूट केली आणि 1912 मध्ये शहराच्या गल्ल्यांत महिनोन्महिने लढाई चालली. तेंग्येलिंगच्या भिक्षूंनी मांचू सैनिकांना साथ दिली. त्यांचा मुख्य लामा देमो पूर्वी तिबेटचा राजप्रतिनिधी होता; दलाई लामांवर जादूटोणा केल्याच्या आरोपाखाली त्याला पकडण्यात आले आणि 1899 मध्ये तो कैदेतच मेला. ती जखम मठ विसरला नव्हता. लढाई संपल्यावर मठ मोडण्यात आला. देमोची कैद आणि तेंग्येलिंगचा शेवट या दोन्ही गोष्टी ल्हासाच्या स्वतःच्या सरकारने केल्या, आणि त्याबद्दल तिबेटी इतिहासकारांनी अधिक मोकळेपणाने लिहावे असे मला वाटते.

नेपाळच्या वकिलाच्या, म्हणजे थापाथलीच्या तहाने ल्हासात आलेल्या त्या पदावरच्या अधिकाऱ्याच्या, मध्यस्थीने शिबंदीने शस्त्रे खाली ठेवली. शेवटचे सैनिक चुंबीतून भारतात उतरले आणि समुद्रमार्गाने चीनला गेले. ते सरहद्दीपलीकडे जाईपर्यंत तेरावे दलाई लामा शहराबाहेर थांबून राहिले आणि जानेवारी 1913 मध्ये ल्हासात परतले. पुढच्याच महिन्यात त्यांनी काढलेल्या जाहीरनाम्यात चीनच्या सम्राटांशी तिबेटचे नाते गुरू आणि यजमानाचे होते, ते अधीनतेचे नव्हते, असे स्पष्ट लिहिले आहे. त्याच जाहीरनाम्यात अंमलदारांना रयतेकडून बळजबरीने काही न घेण्याची ताकीदही आहे.